मिरजेत, बँडच्या मागे मागे

गुरुवार

महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरजेला पोचली तेव्हा पाऊस थांबलेला होता, पण फलाट ओला होता. माझ्याबरोबर उतरलेल्यांतले निम्मे तरी मिरवणुकीसाठी आलेले. बोलण्यावरूनच कळत होतं. कुणाची कमान यंदा किती उंच, कुणी कुठली 'सिस्टिम' आणली, कुणाचा गणपती तलावावर कधी पोचणार. मिरजेचा माणूस पुण्यामुंबईला राहायला गेला की एखादी दिवाळी चुकवेल, अनंत चतुर्दशी चुकवणार नाही.

मी या खेपेला मुद्दाम दोन दिवस आधी आलो होतो. मला बँड ऐकायचे होते. पुण्यातल्या मानाच्या गणपतींपुढे वाजवणारे, पेपरात फोटो येणारे बँड नव्हेत. मिरज, शिरोळ, कवठेमहांकाळ, फार तर सीमेपलीकडचं अथणी, एवढ्याच टापूत ज्यांचं नाव चालतं ते. यांची रेकॉर्ड निघत नाही, तिकीट लावून कार्यक्रम होत नाही. नाव मोठ्या ढोलावर रंगवलेलं असतं आणि त्याच्याखाली त्याहून मोठ्या आकड्यांत मोबाईल नंबर.

स्टेशनातून बाहेर पडताना आठवलं, एकेकाळी या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांच्या गाड्या एकत्र यायच्या. पुण्याकडची, बेळगाव-हुबळीकडची आणि पंढरपूर-लातूरकडची. मिरजेच्या कानावर इतक्या तऱ्हेचं वाजवणं कसं पडलं, याचं निम्मं उत्तर या रुळांमध्ये आहे. वाजवणारे येत होते, उतरत होते, काही राहून गेले.

घरी काकूनं चहा ठेवला. काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बँड ऐकायला एवढ्या लांब कशाला यायला पायजे? तिकडं लग्नात नसतोय व्हय?"

"असतोय की. पण ऐकतंय कोण?"

"इथं तरी कोण ऐकतंय," काका म्हणाले. मग पेपर खाली ठेवून, "मास्तरकडं जाऊन ये सांजच्याला. तालीम असती."

मास्तर म्हणजे बँडमास्तर. त्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या बोळात आहे. दुकान म्हणायचं, पण विकायला काही नाही. दहा बाय बाराची खोली, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर सोनेरी गोंड्यांचे लाल कोट, कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या टोप्या आणि मध्ये सतरंजी. पितळी वाद्यं खाली, कापडाखाली. लग्नाची, वास्तुशांतीची, निवडून आलेल्या सरपंचाची सुपारी इथंच ठरते. संध्याकाळी सतरंजीवरचे पानाचे डबे बाजूला सारून तालीम सुरू होते.

समोर कागद नव्हता. मास्तरांनी मोबाईल ढोलावर ठेवला आणि एक नवं गाणं दोनदा वाजवून घेतलं. तिसऱ्या वेळेला ते स्वतः सरगम म्हणायला लागले, चौथ्या वेळेला ट्रम्पेटवाल्या पोरानं मुखडा धरला. स्टाफ नोटेशन येणारा इथं कोणी नाही, आणि त्यावाचून अडतही नाही.

मी विचारलं, सगळं बँड एका पट्टीत कसं लावता?

"लावायचं काय त्यात? कारखान्यानंच लावून दिलंय," मास्तर म्हणाले. त्यांचं क्लॅरनेट काळी पाचचं. म्हणजे त्यावर जो सा धरायचा तो हार्मोनियमवर काळी पाचला, सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीला, मिळतो. ट्रम्पेटही काळी पाचचं. आल्टो सॅक्सोफोन मात्र काळी दोनचा, त्यामुळे सॅक्सवाल्याला बँडचा सा आपल्या पंचमावर शोधावा लागतो. इतर जण 'सा' म्हणतात तिथं त्याच्या बोटांनी 'प' धरलेला असतो. हा हिशेब तो पोरगा लहानपणापासून डोक्यात करत आलाय, आणि विचारलं तर सांगता येत नाही. "हात जातोय," एवढंच म्हणाला.

युफोनियम वाजवणारे सगळ्यांत वयस्कर. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मास्तरसुद्धा. त्यांच्या वाद्याला दोन ठिकाणी डाग दिलेला आणि एका पिस्टनची टोपी हरवलेली, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा. वाद्य मेरठचं. देशातल्या बऱ्याच बँडांचं पितळ मेरठच्या जली कोठी भागातूनच येतं. तिथं १८८५ साली सुरू झालेली नादिर अली कंपनी ही वाद्यं बनवते. इंग्रजांच्या पलटणींसाठी सुरू झालेलं हे पितळ संस्थानांत शिरलं, संस्थानांतून लग्नाच्या वरातीत आणि वरातीतून इथं, या सतरंजीवर.

आपल्याकडच्या बँडांत युफोनियमचं काम फार साधं असतं. क्लॅरनेट-ट्रम्पेट जी चाल वाजवतात तीच चाल खालच्या सप्तकात वाजवायची. वेगळं काही नाही. म्हणून पाहुण्याला वाटतं, हा माणूस नसला तरी चालेल. त्या संध्याकाळी चाचा मध्येच पाणी प्यायला उठले आणि खोलीतलं गाणं एकदम पोकळ झालं. चाल तीच, वरचे लोक तेच. फक्त तळ नव्हता. ते परत येऊन बसले, दोन ओळी गेल्यावर शिरले, आणि मास्तरांनी क्लॅरनेट न काढता डोळ्यांनीच हसून घेतलं.

शुक्रवार

सकाळी सतारमेकर गल्ली. मिरजेला पाहुणा आला की त्याला इथं न्यायचंच, तसा मी स्वतःलाच घेऊन गेलो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे दुकानाबाहेर सुकत पडलेले, आत लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी इथं तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली; त्याआधी हे घराणं हत्यारांना धार लावणारं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फलक आता दुकानांवर दिसतात. एका कारागिराला विचारलं, बँडवाल्यांशी तुमचा काही संबंध? तो जवारी काढत होता. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. मान न वळवता म्हणाला, "ते आमच्या दारावरनं जातात तवा आम्ही तंबोरा खाली ठेवतोय. त्यांचा सूर चढा असतोय, कान बिघडतोय." मग थोडं थांबून, "मास्तरचं क्लॅरनेट सोडून."

मिरजेत बँडवाल्याला मिळणारं हे प्रशस्तिपत्र किती मोठं आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथला श्रोता खट आहे. त्याचं कारण दर्ग्यात आहे. तिथून चालत दर्ग्यावर गेलो. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर त्यांचं निधन झालं, आणि दफन इथं, मिरजेत. दरवर्षी उरुसात त्यांच्या नावानं संगीतसभा भरते. मोठमोठे गवई हजेरी लावतात, तिकीट नसतं, आणि ऐकायला भाजीवाला, रिक्षावाला, वकील सगळे मांडीला मांडी लावून बसतात. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांना असं जमिनीवर बसून ऐकलेली माणसं अजून गावात आहेत. त्यांच्यापुढून लग्नाचा बँड जाणार, आणि बेसूर वाजवला तर ती बोलणार.

दुपार झोपेत गेली.

रात्री काकाच्या मंडळाच्या आरतीला बेंजो पार्टी होती. मुंबईकर ज्याला बेंजो म्हणतो तोच. टाइपरायटरसारख्या खुंट्या दाबायच्या आणि दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. अमेरिकेतल्या बँजोशी याचं फक्त नावाचं नातं. हे मूळचं जपानी वाद्य, ताइशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली काढलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग होऊन आलं, मुलांच्या खेळण्यांच्या दुकानात राहिलं, मग कुणीतरी त्याला पिकअप लावून कर्ण्याला जोडलं आणि कोकणापासून कोल्हापूरपर्यंत त्याच्या पार्ट्या उभ्या राहिल्या. अंगी एवढासा आवाज असलेलं वाद्य वीज मिळाल्यावर रस्ता दणाणून सोडतं.

ही पार्टी जवळच्याच खेड्यातली, सगळी पोरं विशीच्या आतबाहेर. एकाची बोटं इतकी जलद की खुंट्या दिसेनात. खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास मला कंटाळा आला. सगळं एकाच जोरात, एकाच वेगात. मग लाइट गेले. कर्णा बंद, बेंजो मुका. अंधारात काय करायचं म्हणून ढोलकीवाल्यानं एकट्यानं धरलं. आधी नुसता ठेका, मग चाट आणि धूम यांच्यामध्ये जागा सोडत सोडत लावणीचा डौल. लहान पोरं गप्प बसली. कुणीतरी मोबाईलची बॅटरी त्याच्या हातांवर धरली. बेंजोवाला मांडीवर वाद्य घेऊन, कर्ण्याविना, जेमतेम तीन फुटांवर ऐकू येईल एवढ्या आवाजात त्याच्याबरोबर वाजवत होता. आम्ही पुढं सरकून बसलो. लाइट परत आले तेव्हा दोन-चार जण चक्क "अरेरे" म्हणाले.

परत येताना काका जुन्या ऑर्केस्ट्रांची आठवण काढत होते. गणपतीत चौकात स्टेज घालायचे, पोती आणून लोक संध्याकाळी सहालाच जागा धरायचे. एक गायक आणि तोच गायिकेच्या आवाजात, एक अकॉर्डियन, एक कोंगो, आणि मिमिक्रीवाला हवाच. मलाही त्यातला एक अंधूक आठवतो. अकॉर्डियनवाल्याचा भाता मध्येच उसवला आणि त्यानं चिकटपट्टी लावून उरलेला कार्यक्रम पार पाडला. प्रत्येक गाण्यात तेवढ्या एका जागी फुस्स व्हायचं आणि लोक त्या फुस्सला टाळी द्यायचे. आता ऑर्केस्ट्रा राहिले नाहीत असं नाही, पण त्यांची जागा चौकातून कार्यालयाच्या हॉलमध्ये गेली.

शनिवार

अनंत चतुर्दशी. सकाळपासून गावात वाहन चालेना. मुख्य रस्त्यावर ठिकठिकाणी कमानी उभ्या. मिरजेच्या या स्वागतकमानी म्हणजे वेगळंच प्रकरण. दोन-तीन मजली उंचीच्या, रंगवलेल्या, वर इतिहासातले आणि पुराणातले प्रसंग. प्रत्येक कमानीपाशी मंडळाचं स्वागत, नारळ, पान. म्हणजे प्रत्येक कमानीपाशी मिरवणूक थबकणार, आणि थबकली की पथकाला वाजवायला मोकळी जागा मिळणार. ऐकायचं असेल तर कमानीच्या अलीकडे पन्नास पावलांवर उभं राहावं. खुद्द कमानीखाली माइकवरून पाहुण्यांची नावं चालू असतात, तिथं काही ऐकू येत नाही.

मी लक्ष्मी मार्केटच्या घड्याळाजवळ एका ओळखीच्या दुकानाची पायरी धरली.

दुपारच्या वेळेला घरगुती आणि छोट्या मंडळांचे गणपती. त्यांच्यापुढं हलगी. तीन-चार माणसं, एक हलगी, एक घुमकं, एक कैताळ, बास. दुपारी सर आली आणि हलग्या सादळल्या. कातडं ओलं झालं की आवाज बसतो. लगेच वाजवणाऱ्यांनी एका पानपट्टीच्या आडोशाला रद्दी पेटवली आणि हलग्या शेकायला धरल्या. फिरवत, मधूनमधून बोटानं टिचकी मारत. फायबरचं पान लावलेली हलगी आता सर्रास दिसते, ती भिजत नाही, शेकावी लागत नाही. शेजारच्या पथकाकडं तसलीच होती आणि त्यांनी पावसातही खंड पाडला नाही. पण कातड्याची हलगी शेकून परत सुरू झाली तेव्हा पायरीवरच्या आम्हा सगळ्यांच्या माना आपोआप त्या बाजूला वळल्या. फायबरची हलगी कडकड वाजते; कातड्याची बोलते. कुस्तीच्या फडात पैलवान मातीत उतरताना जो ठेका लागतो तोच इथं लागला आणि एक म्हातारा, धोतराचा सोगा खोचून, रस्त्याच्या मधोमध शड्डू ठोकून आला. कुणी हसलं नाही. हलगीवाल्यानं त्याच्याकडं पाहून ठेका आवळला.

चारच्या सुमारास सीमेपलीकडचं करडी मजलचं पथक आलं. उत्तर कर्नाटकातली ही वाजवायची रीत. कमरेला करडी नावाचा ढोल, हातात झांजा आणि सोबत सनई. वाजवणारे शेतकरी, हंगाम सोडून उरलेल्या दिवसांत बाहेर पडणारे. डोक्याला रुमाल, अंगात पांढरा सदरा, तोंडानं एक शब्द नाही. आपले ढोलताशे एकसाथ कोसळतात. यांचं तसं नाही. करडी एक प्रश्न टाकते, झांज त्याला उत्तर देते, दोघांच्या वर सनई आपल्याच नादात लांब सूर धरून बसते. लय चढत जाते पण आवाज चढत नाही. हे शहाणपण आमच्या पथकांनी शिकण्यासारखं आहे. लय वाढवायची म्हणजे जोर वाढवायचा, अशी आपल्याकडं एक पक्की समजूत आहे.

पथक पायरीसमोर असतानाच मागून सिस्टिम आली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली खोक्यांची भिंत, वर शार्पी दिवे, पुढं नाचणारी पोरं. आधी ऐकू येत नाही, छातीला कळतं. दुकानाचं शटर थरथरायला लागलं. करडीवाले वाजवत होते. त्यांचे हात हलत होते, सनईवाल्याचे गाल फुगलेले होते, आणि त्यातलं काहीही माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ५५ म्हणजे साधारण दोन माणसं शांतपणे बोलतात तेवढा. हे वाचून हसू येईल, पण नियम तोच आहे.

मी सिस्टिमचा शत्रू नाही. पोरं नाचतात, त्यांना नाचू दे. पण एका रस्त्यावर दोन्ही सोडायचे तर अंतर ठेवायला हवं, एवढं साधं नियोजन कुणी करत नाही. बिनविजेच्या वाद्यांसाठी वेगळी वेळ राखली तरी भागेल.

आमच्या मास्तरांचं बँड संध्याकाळी सातला दिसलं. लाल कोट, टोप्या, पुढं मास्तर. त्यांच्याही मागं आता एक हातगाडी आहे. तिच्यावर कीबोर्ड, पॅड आणि दोन कर्णे. हे नको होतं, पण याच्याशिवाय सुपारी मिळत नाही असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. कीबोर्डवरचा पोरगा डाव्या हातानं खर्ज धरतो आणि त्यामुळे चाचांचं युफोनियम कुणाला ऐकू येत नाही. मंडळानं पुढच्या वर्षी माणूस कमी करायला सांगितलं तर पहिला कोण कमी होईल, ते उघड आहे.

चौकात मिरवणूक अडली. समोरून दुसऱ्या वाटेनं आलेलं, शिरोळकडच्या एका गावातलं बँड निळ्या कोटांत उभं होतं. लाल कोट इकडं, निळे तिकडं, मध्ये वीस पावलांची मोकळी जागा आणि सभोवती माणूसच माणूस. कोणी ठरवलेलं नव्हतं. निळ्यांच्या ट्रम्पेटनं एका जुन्या नाट्यपदाचा मुखडा टाकला, भीमपलासातला. मास्तरांनी हातगाडीकडं वळून हात आडवा केला. कीबोर्ड बंद. आणि अंतरा क्लॅरनेटवर घेतला.

नाट्यपदं हा इथला घरचा विषय. जवळच तर ते थिएटर होतं जिथं बालगंधर्व पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले. त्या जागी आज त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. त्यामुळे गर्दीतल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला पुढची ओळ पाठ होती. क्लॅरनेटवर मींड काढणं सोपं नसतं. हे वाद्य मुळात सूर सुटे सुटे देण्यासाठी घडवलेलं. बोट भोकावरून एकदम न उचलता हळूहळू बाजूला सरकवायचं आणि त्याच वेळी ओठाची पकड सैल करायची, तेव्हा कुठं एक सूर दुसऱ्यात वाहतो. मास्तर पंचमावरून कोमल गंधारावर असे उतरले की निळ्यांच्या ट्रम्पेटवाल्यानं तोंडावरचं वाद्य काढून टोपीला हात लावला. मग तो पेटला. ट्रम्पेटवर तीन पिस्टन, तिथं सरकवायला बोट नाही. जे करायचं ते ओठांनी. त्यानं तानेचा तुकडा टाकला, मास्तरांनी उलटा फिरवून परत केला. चाचांनी, कीबोर्ड बंद असल्याचा फायदा घेत, खालून तोच तुकडा निम्म्या लयीत वाजवला आणि चौकात हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. कोण जिंकलं विचारू नका. दहाएक मिनिटं चाललं असेल. मग पोलिसांची शिट्टी झाली आणि दोन्ही बँड आपापल्या ट्रॅक्टरमागं निघून गेले.

रात्री बारा. सणाच्या ठराविक दिवसांना ध्वनीची मुदत दहाऐवजी बारापर्यंत वाढवून मिळते, तीही संपली. सिस्टिम एकेक करून बंद झाल्या. कान शिट्टी वाजवत होते. मिरजेची मिरवणूक मात्र थांबत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. गणपती आवाजाविना पुढं सरकत राहतात. ट्रॅक्टरची धडधड, दोर धरणाऱ्यांचे हलके आवाज, चहाच्या टपरीवरची वाफ. वाद्यवाले जागा मिळेल तिथं आडवे झालेले. एका बँकेच्या पायरीवर लाल कोटाची घडी उशाला घेऊन चाचा झोपले होते, युफोनियम दोन्ही हातांत, एखाद्या आजोबाजवळ नातू झोपावा तसं.

रविवार

सहाच्या आधीच परत गेलो. कारण मास्तर म्हणाले होते, "सकाळचं ऐकायला या. रात्रीचं काय, ते लोकांसाठी असतंय."

सहा वाजता परत वाजवायला मुभा मिळते. आधी कुणी सुरू करायचं यावर काही नियम नाही. सिस्टिमवाली पोरं गाढ झोपलेली, जनरेटर थंड. ढोलवाले हात चोळत होते. रस्ता धुतल्यासारखा ओला. मास्तरांनी चूळ भरली, क्लॅरनेटच्या पत्तीला ओठांत धरून भिजवली, जोडली, एक लांब षड्ज लावला. हातगाडीकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

आधी भूपाळीची एक पारंपरिक चाल, साधी, सगळ्या बँडनं मिळून. ती संपल्यावर बाकीचे थांबले आणि मास्तर एकटेच पुढं गेले. स्वर भूप रागाचेच, पण वजन वरच्या अंगाला. धैवतावर मुक्काम, तिथून तार षड्जाला हात लावून परत धैवत. देशकार राग. लग्नात कुणी देशकार मागत नाही. मिरवणुकीतही नाही. चाचांनी खाली सा धरला, एकच, श्वास संपला की घ्यायचा आणि परत तोच. तंबोऱ्याचं काम युफोनियमवर. साइडड्रमवाल्यानं काड्या बगलेत मारल्या आणि नुसता उभा राहिला.

ऐकायला कोण? रात्रभर जागलेले काही कार्यकर्ते, झाडणाऱ्या बायका, दूधवाला, टपरीवाला, आणि माळव्याच्या पाट्या घेऊन बाजारात निघालेल्या दोघी-तिघी. एक गृहस्थ स्कूटरवर आले, रस्ता बंद म्हणून थांबले. पाय टेकून ऐकत राहिले. मास्तर धैवतावरून लवकर सुटून पंचमावर आले तेव्हा ते स्कूटरवरूनच म्हणाले, "थांबा की मास्तर धैवतावर. घाई काय हाय?"

मास्तरांनी डोळे मिटूनच मान हलवली, परत वर गेले, आणि यावेळी थांबले. इतके थांबले की श्वास संपत आल्यावर सूर किंचित थरथरला, आणि तो थरथरणारा धैवत सरळ धैवतापेक्षा चांगला होता. स्कूटरवाल्यानं "हां" म्हणून गाडी बंद केली.

पुढं काही मिनिटांत ते जोगियाकडं वळले, मग एक अभंग, त्यात सगळं बँड परत सामील झालं आणि ट्रॅक्टर सुरू झाला. मी मोबाईल काढला नव्हता. शेजारच्या एका पोरानं काढला होता. नंतर त्यानं मला ऐकवलं. त्यात ट्रॅक्टर, कावळे आणि लांबून येणारी पिपाणी एवढंच आहे. बँडवाल्यांचं रेकॉर्डिंग नसण्यामागं हेही एक कारण. कर्ण्याशिवाय वाजणारं पितळ उघड्या हवेत ऐकायला माणसानं दहा पावलांवर उभं राहावं लागतं.

तलावावर पोचायला त्यांना दुपार झाली. गणेश तलावाच्या काठी गर्दी, क्रेन, निर्माल्याचे कुंड, शेवटची आरती. तिथं परत सिस्टिमा जाग्या झाल्या होत्या आणि बँडनं नेमून दिलेली दोन नाचाची गाणी कीबोर्डसकट वाजवली. चांगली वाजवली. ट्रम्पेटवाल्या पोराचा ओठ सुजला होता, तरी वरचा सूर त्यानं सोडला नाही.

संध्याकाळी गाडीच्या आधी दुकानावर गेलो. कोट वाळत घातलेले. चाचा युफोनियम उलटं करून आतलं पाणी काढत होते. मास्तर वही घेऊन बसले होते, कुणाचे किती आले, कुणाला किती द्यायचे. आता दसऱ्याची एखाददुसरी सुपारी, खरा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर. तोवर ट्रम्पेटवाला रंगकामाला जातो, सॅक्सवाला रिक्षा चालवतो, साइडड्रमवाला एका पतसंस्थेत शिपाई आहे.

"तुमच्याकडं कुणाचं लगीन निघालं तर सांगा," मास्तर म्हणाले. "येतो की तिकडं. गाडीभाडं तेवढं बघा."

"कीबोर्ड आणू नका मग."

ते हसले. "तुम्ही म्हणाल हो. नवरदेव म्हणायला पायजे."

चाचांनी मान वर केली. "आणि युफोनियमवाल्याचं जेवण धरा म्हणावं. मागं एका लग्नात विसरले होते."

मास्तरांनी वहीच्या कोपऱ्यात तेही लिहून घेतलं.